ऐकून काढलेले चेहरे

परवा आमच्या शाळेच्या जुन्या मास्तरांच्या गटावर एकाने आपल्या आजोबांचं चित्र टाकलं. फेटा, पांढऱ्या मिशा, मागे मावळता सूर्य. खाली लिहिलं होतं, 'आजोबांचा एकही फोटो नव्हता. मोबाईलला वर्णन सांगितलं, त्याने काढून दिला.' धडाधड अंगठे पडले, फुलं पडली. मी काही पाठवलं नाही. मी तिरसट बाई म्हणून आधीच प्रसिद्ध आहे, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नसावं. पण त्या दिवशी कारण वेगळं होतं. मला अंभोरे सर आठवले आणि मग दिवसभर कशात जीव लागला नाही.

अंभोरे सर जानेफळला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती. माणूस उंच, किडकिडीत, खांदे जरा पुढे आलेले. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. त्या ब्लेडने खिसा फाटायचाच. त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, शेवटी कंटाळून सगळ्या शर्टांच्या खिशांना आतून जाड कापडाचं ठिगळ लावून टाकलं होतं. बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की नवीन आलेल्या शिक्षिका उगाच पदर सारखा करायच्या. मी तर पहिल्याच आठवड्यात त्यांना सुनावलं. ते ओशाळून म्हणाले, "माफ करा मॅडम. तुमच्या दोन भुवया सारख्या नाही, तेच पाहून राह्यलो होतो." मला राग आला होता, पण घरी गेल्यावर मी आरसा घेऊन बसले. खरंच सारख्या नव्हत्या.

वर्गात ते 'बैल काढा' असं कधी म्हणत नसत. 'तुह्या घरचा बैल काढ' म्हणत. ज्याच्या घरी बैल नाही त्याने शेजाऱ्याचा काढायचा. एकदा एका मुलीने फार देखणा बैल काढला, झूल आणि घुंगरांसकट. सरांनी विचारलं, "हा कोनाचा?"

"कोनाचाच नाही सर, असाच काढला."

"मंग याले वैरण कोन टाकते?"

अख्खा वर्ग हसला, ती पोरगी रडकुंडीला आली. पण दुसऱ्या दिवशी तिने काकाच्या घरचा, एका शिंगाचा बैल काढून आणला आणि सरांनी तो स्टाफरूममध्ये आम्हा सगळ्यांना फिरवून दाखवला.

शाळेबाहेर सरांची ओळख मात्र दुसऱ्याच कामासाठी होती. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा फोटो भिंतीवर लागतो, त्याला हार घालतात, सणावाराला त्याच्यापुढे ताट ठेवतात किंवा मेणबत्ती लावतात. पण ज्यांनी आयुष्यात कधी फोटोच काढला नाही, त्यांचं काय? अशी माणसं त्या पिढीत घरोघर होती. त्यांच्यासाठी लोक अंभोरे सरांकडे यायचे. सर चेहरा ऐकून काढायचे.

त्यांची पद्धत मी अनेकदा पाहिली, कारण आमचं घर त्यांच्या घराच्या मागच्याच गल्लीत. रविवारी माणसं येऊन ओसरीत बसायची. सर हातात पेन्सिल घेत नसत. चहा व्हायचा. मग माणसं म्हणायची, "दिसायले छान होती माय." सर लगेच हात वर करायचे. "छान तं मेल्यावर सगळेच होतात. कशी होती ते सांगा." मग ते विचारायचे ते प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. राग आला की बोले का गप बसे? उन्हात डोळ्यांवर हात कसा धरे? खोटं बोलताना कुठं पाहे? माणसं आधी अडखळायची, मग एकमेकांना दुरुस्त करायची, मग भांडायची, आणि कुणीतरी उठून बाप कसा चालायचा ते अंगणात चालून दाखवायचं. सर फक्त ऐकत असायचे. पुढच्या रविवारी चित्र तयार असायचं.

एका घरी ते चित्र द्यायला निघाले, तेव्हा मीही सोबत होते. दोन भावांनी बापाचं चित्र काढून घेतलं होतं. सरांनी चित्रावरचं धोतराचं फडकं काढलं. भाऊ काही बोलायच्या आत मागे उभ्या असलेल्या थोरल्या सुनेने, केस पिकलेल्या बाईने, झटकन डोक्यावरून पदर घेतला आणि ती दाराआड झाली. सासरा समोर आला म्हणून. मग तिचं तिलाच कळलं आणि ती तोंडात पदर घालून रडायला लागली. येताना सर मला म्हणाले, "भावाइचं काही खरं नसते मॅडम. सुनेनं पदर घेतला, म्हंजे जमलं." त्या दिवशी त्यांनी वाटेत भजी घेतली आणि मला पैसे देऊ दिले नाहीत.

त्यांचा एक नियम होता आणि त्यापायी ते भल्याभल्यांशी भांडले. चित्र पुरं होईपर्यंत कुणाला बघू द्यायचं नाही. याला कारण घडलं होतं. जळगाव जामोदकडचा एक माणूस बायकोचं चित्र काढून घ्यायला आला होता. तरणी बायको वारलेली. त्याला दम निघेना. सर आत गेले असताना त्याने फडकं उचलून अर्धवट चित्र पाहिलं. डोळे झाले होते, हनुवटी चुकली होती, तोंड व्हायचं होतं. पुढच्या वेळी तो आला तो पार उतरलेला. म्हणाला, "सर, आता मले तिचं तोंडच आठवत नाही. तुमचं ते अर्धं चित्र आठवते." सरांनी नंतर चांगलं चित्र काढून दिलं, पण तो नुसता बघत राहिला. त्याला ते बरोबर आहे की चूक आहे हेच सांगता येईना.

सरांनी हे मनाला लावून घेतलं. म्हणायचे, "मानसाजवळ चेहरा एकच असते मॅडम. त्याच्यावर दुसरा ठुला का खालचा दबते. मंग निंघत नाही."

आणि अशा या माणसाच्या स्वतःच्या घरी एक चित्र नव्हतं. वच्छलाबाईचं.

वच्छलाबाई म्हणजे सरांची थोरली बहीण. आई दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात कामाला, त्यामुळे धाकट्या भावाला हिनेच कडेवर वाढवलं. सर तिला वच्छाबाई म्हणायचे. रोहिणखेडला दिली. बाळंतपणात गेली, बाळही गेलं. सर तेव्हा इतके लहान होते की त्यांना कुणी मातीलाही नेलं नाही. फोटो नव्हता. पुढे आईवडील गेले, मधला भाऊ गेला. वच्छाबाईचा चेहरा ज्याला आठवतो असं माहेरचं एकच माणूस उरलं, ते म्हणजे सर.

हे त्यांनी मला एका दुपारी पेपर तपासता तपासता सांगितलं. मी आपली सरळ विचारून मोकळी झाले, "मग तुम्ही काढत का नाही तिचं चित्र? सगळ्या गावाची काढता!"

त्यांनी बराच वेळ लाल पेन बंद-उघड केला. "लोकाइचं मी ऐकून काढतो. हे कोनापासून ऐकू? सांगनारा बी मीच, काढनारा बी मीच. आन अर्धं झालेलं चित्र मी लोकाइपासून झाकतो. माह्यापासून कोन झाकन?"

ते म्हणाले, रिटायर झालो की एकदाच बसीन. मन शांत असेल, हात चांगला चालत असेल, तेव्हा एका बैठकीत उतरवीन. जमलं तर जमलं.

रिटायर झाले आणि वर्षभरात उजवा हात थरथरायला लागला. आधी पेल्यातला चहा हिंदकळायचा. मग सही वेडीवाकडी यायला लागली. बुलडाण्याला दाखवलं, अकोल्याला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. थरथर थोडी कमी झाली, पण गेली नाही. रविवारची माणसं यायची बंद झाली. तशीही ती कमीच झाली होती, कारण आता मोबाईलमुळे फोटो नसलेलं माणूसच उरलं नव्हतं. सरांनी पेन्सिली खिशात ठेवणं मात्र सोडलं नाही.

त्यांचा मुलगा प्रवीण पुण्याला कंपनीत आहे. गुणी पोरगा, माझा विद्यार्थी. सुट्टीत घरी आला असताना मी धिरडी घेऊन गेले होते, तर बापलेक ओसरीत मोबाईलवर वाकलेले. प्रवीण म्हणाला, "या मॅडम, गंमत पाहा. बाबा, तुमी फक्त बोला, हे आपोआप चित्र काढते."

"आपोआप कसं बे?"

"याले लय चित्रं दाखवून शिकवलं हाये. तुमी सांगतलं ते समजून घेते."

सरांनी आधी मेहकरच्या बाजारातला कांदे विकणारा माणूस मागितला. क्षणात आला. पांढरेशुभ्र दात काढून हसणारा, फेट्यावर धुळीचा कण नसलेला. सर पोट धरून हसले. "याचे कांदे सारे विकले गेलेले दिसते!" मग त्यांनी एसटीतली म्हातारी मागितली, चावडीवरचा कुत्रा मागितला. लहान मूल नवीन खेळण्याशी रमावं तसे रमले होते. मला म्हणाले, "मॅडम, हे तं माह्याच धंद्यातलं निंघालं. हे बी ऐकूनच काढते." खूप दिवसांनी मी त्यांना असं खुललेलं पाहत होते आणि मलाही बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "प्रवीण, वच्छाबाई काढन का हे?"

सुमनवहिनी आतून दारात आल्या.

सर सांगायला लागले. मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. आजवर ते दुसऱ्यांचं ऐकायचे, आज ते गिऱ्हाइकाच्या जागी बसले होते. सावळी. कपाळावर हिरवं गोंदण, अगदी बारीक. समोरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसताना ओठ दाबून हसायची आणि हसू डोळ्यांतून सांडायचं. प्रवीण भराभर लिहीत होता. चित्र आलं. गोरी, गुबगुबीत गालांची, नाकात मोठी नथ, कपाळभर गोंदण.

"हे नाही," सर म्हणाले.

प्रवीणने दुरुस्ती केली. सावळी म्हटल्यावर आली ती रंग तेवढा बदलून तीच बाई. गरीब घरची म्हटल्यावर फाटकं लुगडं आणि डोळ्यांत पाणी. सर चिडले. "वच्छाबाई गरीब होती, रडकी नोती!" दात सांगितला, तर सगळे दात दाखवून हसणारी आली. ओठ दाबून हसते म्हटलं, तर रुसलेली आली. एक खोडली की दुसरी. त्यातल्या कुणाचे डोळे जवळ जायचे, कुणाची हनुवटी. सर मोबाईल स्वतःच्या हातात घेऊन थरथरत्या बोटाने चित्रं पुढेमागे करत होते.

मला तेव्हा त्यांचा नियम आठवला नाही. त्यांनाही नाही. कागदावर फडकं घालायची त्यांना सवय होती, पण मोबाईलवर चित्र हळूहळू होत नाही, एकदम पुरं होऊनच समोर येतं. अर्धवट असं ते दिसतच नाही, मग झाकायचं काय? फक्त सुमनवहिनी तेवढ्या म्हणाल्या, "काहाले पाहून राह्यले इतक्या बाया? पुरे करा आता." त्यांचं कुणी ऐकलं नाही.

प्रवीण पुण्याला जाताना ते सगळं सरांच्या मोबाईलमध्ये टाकून गेला. मग पुढचे कित्येक आठवडे सर ओसरीत तेच करत बसलेले असायचे. मी गेले की मोबाईल पुढे करायचे. "हे पाहा, हे लय जवळ आलं. नाक सोडलं तं..." मी ती वच्छाबाई पाहिलेली नव्हती. मी काय सांगणार? मी आपली 'हं' म्हणायचे.

आणि एका सकाळी मी दूध घेऊन येत असताना ते फाटकात उभे दिसले. हातात मोबाईल नव्हता. म्हणाले, "मॅडम, ते गेली."

मला वाटलं, कुणी नात्यातलं गेलं. मी विचारलं, "कोण?"

"वच्छाबाई. डोये मिटले का मोबाईलमधलीच दिसते. दुसरी येतच नाही. रातपासून पाहून राह्यलो."

मी काहीबाही बोलले. वय झालं की विसरायला होतं, येईल पुन्हा, ताण घेऊ नका. ते माझ्याकडे टक लावून बघत होते, पण नेहमीसारखं माझं तोंड न्याहाळत नव्हते. "जामोदवाल्या त्या मानसाले म्या काय सांगतलं होतं, आन मीच..." एवढं म्हणून ते आत गेले. एखाद्याचं माणूस दोनदा जातं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

त्यांनी एक शेवटची धडपड केली. रोहिणखेडला वच्छाबाईच्या सासरी कुणी जुनं माणूस आहे का, याची चौकशी केली. तिची धाकटी जाऊ अजून होती, ऐंशीला टेकलेली. सुमनवहिनींनी मला गळ घातली, "मॅडम, तुमी जा संगं. ह्याइचा हात असा, एसटीत चढता येत नाही." आम्ही चिखली, बुलडाणा, मोताळा करत पोचलो. म्हातारी बाजेवर बसली होती. कान तिखट, डोळे गेलेले. सर तिच्यासमोर खाली बसले आणि त्यांनी आपले ते जुने प्रश्न विचारायला सुरुवात केली. हसे कशी? रागावली का काय करे?

म्हातारीने सगळं सांगितलं. भाकरी पातळ करायची, विहिरीवर सगळ्यांच्या आधी जायची, भावाच्या आठवणीने चुलीपुढे रडायची. सर ऐकत होते.

"आन दिसे कशी, बाई?"

म्हातारी हसली. "दिसाचं कोनं पाह्यलं बापा? सासू-सासरा, जेठ, सारे घरात. तिचा पदर इथलोक." तिने हात हनुवटीपर्यंत आणून दाखवला. "वरीसभर एका चुलीवर सैपाक केला आमी, पन मी तिचं तोंड नीट पाह्यलंच नाही. हात आठवते मले तिचे. हात पाह्यले."

परतताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. बुलडाणा येईपर्यंत मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले.

त्यानंतरची माझी त्यांची भेट शेवटची ठरली. प्रवीणचं लग्न झालं होतं आणि नवी सून पहिल्यांदा जानेफळला आली होती. वहिनींनी मला जेवायला बोलावलं. भिंतीवर तथागतांच्या तसबिरीच्या एका बाजूला सरांच्या आईवडिलांचे फोटो, आणि त्यांच्याशेजारी एक नवी, मोठी फ्रेम. प्रवीणने पुण्याहून करून आणली होती. त्या सगळ्या चित्रांतलं सर ज्याला 'लय जवळ' म्हणाले होते, ते. सावळी, बारीक गोंदणाची, ओठ मिटून हसणारी एक बाई. चित्र चांगलं होतं. पण जगात कुठेही कधी जन्माला न आलेली बाई ती, हार घालून भिंतीवर बसली होती.

सून फ्रेमसमोर उभी राहिली. गोड मुलगी होती. म्हणाली, "या वच्छलाआत्या ना? बाबा, अगदी अशाच दिसायच्या का हो?"

प्रवीण तिच्यामागे उभा होता. बापाच्या तोंडाकडे बघत होता, निकाल लागायच्या दिवशी पोरं बघतात तसा. सरांनी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला होता.

"हाव बाई," ते म्हणाले. "अशीच होती."

सुनेने वाकून फ्रेमला नमस्कार केला. प्रवीणचा चेहरा फुलला. सुमनवहिनी पोळ्या लाटायला आत गेल्या. जेवताना प्रवीण उत्साहात होता. म्हणाला, "बाबा, आता तं आवाज बी करता येते. आत्या कशी बोले ते तुमी मले सांगा, मी करून देतो. ते तुमाले नावानं हाक मारन." सर भात कालवत म्हणाले, "पाहू मंग."

मी निघाले तेव्हा ते मला सोडायला फाटकापर्यंत आले. एरवी येत नसत. घरातून सुनेच्या हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी एकदा मागे वळून बघितलं आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "मॅडम, प्रवीण तुमचं ऐकते. त्याले एक सांगसान? माह्यानं नाही सांगनं होत, लय जीव लावून करून राह्यला तो."

"काय सांगू?"

"आवाजाचं नोको करू म्हना. आवाज हाये अजून माह्यापाशी."